जुन्या मोटारगाडीतील ब्रेकदोषांचे निदान

जुन्या मोटारगाडीतील ब्रेकदोषांचे निदान म्हणजे ब्रेकच्या पेडलची हालचाल, गाडीचे वर्तन, आवाज, उष्णता आणि गळती या लक्षणांवरून बिघाडाचे मूळ कारण शोधण्याची क्रमबद्ध पद्धती होय. ज्या गाड्यांत ब्रेकवर देखरेख करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नसते, त्यांत हे निदान जवळजवळ सर्वस्वी निरीक्षणावर आणि साध्या चाचण्यांवर अवलंबून असते. एकाच लक्षणामागे अनेक कारणे असू शकतात. त्यामुळे कारण निश्चित न करता सुटे भाग बदलल्यास खर्च होऊनही मूळ दोष कायम राहण्याचा संभव असतो. भारतात चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या प्रीमियर पद्मिनी व हिंदुस्तान अँबॅसडर या गाड्या, तसेच पुढे डिस्क व मागे ड्रम ब्रेक असलेल्या मारुती ८०० सारख्या गाड्या या विषयाच्या संदर्भात विशेष महत्त्वाच्या ठरतात.

## पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारगाड्यांचे ब्रेक दांडे, तारा आणि तरफा यांच्या साहाय्याने चालत. चारही चाकांवर द्रवचलित म्हणजेच हायड्रॉलिक ब्रेक असलेली पहिली प्रवासी मोटार म्हणून अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीच्या १९२१ मधील 'मॉडेल ए' या गाडीचा उल्लेख केला जातो. १९५३ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जग्वारने डिस्क ब्रेकच्या गाडीने जिंकली आणि त्यानंतर या प्रकाराचा प्रसार वेगाने झाला.

महाराष्ट्रात या विषयाचा संबंध मुख्यतः मुंबईतील प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीशी येतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० या इटालियन गाडीवर आधारित गाड्या तयार होत. १९७४ पासून ही गाडी 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप कित्येक दशके याच गाडीने घडवले. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेव येथे नोंदवली गेली. टॅक्सींसाठी ठरलेली वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. खासगी मालकीच्या काही पद्मिनी गाड्या मात्र आजही जपलेल्या आढळतात.

## यंत्रणेची रचना

हायड्रॉलिक ब्रेक पास्कलच्या नियमावर चालतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे या नियमाचे सार आहे. उदाहरणार्थ, चालकाने पेडलवर २० किलोग्रॅमचा भार दिला व पेडलच्या तरफेने तो पाचपट झाला, तर मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर १०० किलोग्रॅमचा भार पडतो. पिस्टनचे क्षेत्रफळ २.५ चौरस सेंटिमीटर असल्यास द्रवात दर चौरस सेंटिमीटरला ४० किलोग्रॅम इतका दाब निर्माण होतो.

हा दाब धातूच्या नळ्या आणि चाकांजवळील लवचीक रबरी नळ्या (होज पाइप) यांतून चाकांपर्यंत जातो. ड्रम ब्रेकमध्ये व्हील सिलिंडरचे पिस्टन ब्रेक शूंना बाहेर ढकलतात व शूंवरील लायनर फिरत्या ड्रमच्या आतील पृष्ठभागावर घासतात. डिस्क ब्रेकमध्ये कॅलिपरमधील पिस्टन दोन्ही बाजूंनी ब्रेक पॅड चकतीवर दाबतात. पेडल सोडल्यावर ड्रममधील शू स्प्रिंगांच्या ओढीने मागे येतात.

जुन्या गाड्यांपैकी अनेकांत चारही चाकांसाठी एकच द्रवमार्ग असे. त्यामुळे एक रबरी नळी फुटली तरी चारही चाकांचा ब्रेक एकदम निकामी होई. नंतरच्या गाड्यांत दोन स्वतंत्र मार्ग असलेला जोड मास्टर सिलिंडर आला. त्यात एक मार्ग निकामी झाल्यास पेडल नेहमीपेक्षा खाली जाते, पण काही ब्रेक शिल्लक राहतो. निदान सुरू करण्यापूर्वी आपली गाडी यांपैकी कोणत्या प्रकारची आहे हे माहीत असणे आवश्यक असते.

## दोषाचे गांभीर्य

गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ब्रेकने शोषायची ऊर्जा चौपट होते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी चांगल्या ब्रेकने, म्हणजे दर सेकंदाला सेकंदास ६ मीटर इतक्या मंदनाने, सुमारे २३ मीटरांत थांबते. ब्रेक निम्म्या क्षमतेचे झाले तर हेच अंतर सुमारे ४६ मीटर होते. चालकाची प्रतिक्रिया एका सेकंदाची धरल्यास त्या काळात गाडी आणखी १७ मीटर पुढे गेलेली असते. संथ रहदारीत मंद वेगाने चालवताना हा फरक जाणवत नाही. म्हणून ब्रेक हळूहळू क्षीण झालेली गाडी मालकाला दीर्घकाळ निर्दोष वाटू शकते.

## प्राथमिक तपासणी

निदानाचा आरंभ गाडी उभी असतानाच केला जातो.

द्रवाची पातळी. मास्टर सिलिंडरवरील टाकीतील द्रव इंजिनातील तेलाप्रमाणे खर्च होत नाही. डिस्क ब्रेकच्या गाडीत पॅड झिजतात तशी पिस्टनांमागील जागा वाढते व पातळी अनेक महिन्यांत थोडी उतरते. काही दिवसांतच पातळी उतरत असेल तर ती गळती समजावी. वारंवार द्रव भरत राहणे हा त्यावर उपाय नव्हे.

द्रवाचा रंग. नवा द्रव सामान्यतः फिकट पिवळसर व पारदर्शक असतो. गडद तपकिरी किंवा गढूळ द्रव जुना, ओलसर अथवा गंज व रबराचे कण मिसळलेला असतो.

गळतीच्या जागा. चाकांच्या आतील बाजू, रबरी नळ्यांची टोके, धातूच्या नळ्यांचे सांधे आणि मास्टर सिलिंडरची मागील बाजू पाहिली जाते. सर्वो असलेल्या गाडीत मास्टर सिलिंडरमधून गळणारा द्रव सर्वोच्या आत साचू शकतो. अशा वेळी बाहेर थेंबही न दिसता पातळी उतरत राहते. चाकाजवळील ओल ब्रेक द्रवाची की एक्सलच्या तेलाची, हेही ओळखावे लागते. एक्सलचे तेल दाट असते व त्याला विशिष्ट उग्र वास येतो.

टायर व निलंबन. टायरमधील असमान हवा, झिजलेले बॉल जॉइंट किंवा सैल बेअरिंग यांमुळेही ब्रेक लावताना गाडी एका बाजूला जाऊ शकते. हे दोष आधी वगळल्याशिवाय ब्रेक उघडण्यात अर्थ नसतो.

## पेडलवरून निदान

पेडलचा स्पर्श हे निदानाचे सर्वांत उपयुक्त साधन आहे. गाडी सपाट जागी उभी करून पेडल आधी एकदा सावकाश दाबले जाते, नंतर लागोपाठ दोन-तीनदा आणि शेवटी ते अर्धा ते एक मिनिट दाबून धरले जाते.

| पेडलचे लक्षण | संभाव्य कारण |
|---|---|
| पहिल्या दाबात खूप खाली जाते, लगेच दुसऱ्यांदा दाबल्यास वर व घट्ट लागते | शू व ड्रम यांतील अंतर वाढलेले |
| स्पंजासारखे मऊ लागते, वारंवार दाबल्यास थोडे सुधारते | द्रवमार्गात हवा |
| दाबून धरल्यास हळूहळू खाली जाते, टाकीतील पातळी उतरते | बाह्य गळती |
| दाबून धरल्यास हळूहळू खाली जाते, गळती कोठेही नाही | मास्टर सिलिंडरमधील रबरी कप झिजलेले |
| दगडासारखे घट्ट, पण गाडी थांबत नाही | सर्वो निकामी, लायनर चकाकलेले वा तेलकट, पिस्टन जाम |
| पायाला धक्के देत वर-खाली होते | ड्रम अंडाकार किंवा डिस्क असमान जाडीची |

यांतील पहिली दोन लक्षणे नेहमी एकमेकांत मिसळली जातात, कारण दोन्हींत 'पंप मारल्यावर' ब्रेक लागतो. त्यांतील भेद पेडलच्या घट्टपणात असतो. शूंचे अंतर वाढले असेल तर दुसऱ्या दाबात पेडल पूर्णपणे घट्ट होते. हवा असेल तर ते वर येऊनही मऊच राहते, कारण द्रव दाबला जात नाही पण हवा दाबली जाते. पहिल्या दोषावर शूंची जुळणी हा उपाय आहे, दुसऱ्यावर हवा काढणे म्हणजेच ब्लीडिंग. हवा आत कोठून आली याचा शोध न घेता केवळ ती काढली, तर दोष पुन्हा उद्भवतो.

पंप मारून गाडी थांबते म्हणून ती चालवत राहणे धोक्याचे असते. अचानक समोर अडथळा आल्यावर दुसऱ्यांदा पेडल दाबण्याइतका अवधी मिळेलच असे नाही.

सर्वोची चाचणी वेगळी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबले की सर्वोतील साठलेली निर्वात स्थिती संपते. मग पेडल दाबून धरून इंजिन सुरू केल्यास ते किंचित खाली गेले पाहिजे. तसे झाल्यास सर्वो कार्यरत आहे. हे किंचित खाली जाणे दोषाचे लक्षण नाही. पेडल मुळीच हलले नाही तर सर्वोचा पडदा, एकदिशा झडप किंवा इंजिनाकडून येणारी नळी तपासली जाते.

## गाडीच्या वर्तनावरून निदान

पुढील निरीक्षणे मोकळ्या, सपाट व कोरड्या रस्त्यावर ताशी सुमारे ३० किलोमीटर वेगाने केली जातात. पेडल समाधानकारक असल्याची खात्री झाल्यावरच गाडी रस्त्यावर आणली जाते.

### एका बाजूला ओढणे

ब्रेक लावल्यावर गाडी ज्या बाजूला ओढते त्या बाजूचा ब्रेक दुसऱ्या बाजूपेक्षा अधिक काम करत असतो. त्यामुळे गाडी डावीकडे ओढत असल्यास दोष बहुधा उजव्या चाकात सापडतो. तेथील लायनर तेलकट झालेले असते, व्हील सिलिंडर गंजून जाम झालेला असतो किंवा रबरी नळी आतून अरुंद झालेली असते. ओढ असणाऱ्या बाजूचा ब्रेक अडकत असणे हीही शक्यता असते. तेलकट झालेले लायनर घासून किंवा धुऊन पुन्हा वापरणे विश्वसनीय नसते. ते बदलावे लागते, आणि दोन्ही चाकांचे ब्रेक समान राहावेत म्हणून त्याच एक्सलच्या दोन्ही बाजूंचे बदलले जाते.

### ब्रेक अडकणे

पेडल सोडल्यावरही ब्रेक न सुटल्यास गाडी जड चालते, इंधन अधिक लागते आणि चाक तापते. थोडे अंतर ब्रेक कमी वापरत चालवल्यावर चारही चाकांची उष्णता हात ड्रमपासून थोडा दूर ठेवून ताडून पाहता येते. तापलेल्या ड्रमला थेट हात लावल्यास भाजण्याचा धोका असतो.

अडकलेले चाक उचलून पुढील क्रमाने कारण शोधले जाते. प्रथम मास्टर सिलिंडरजवळील नळीचा सांधा किंचित सैल केला जातो. चाक मोकळे झाले तर दाब मास्टर सिलिंडरमध्येच कोंडला जात असतो. पेडलला आवश्यक असलेली थोडी मोकळी हालचाल नसणे किंवा रबरी कप फुगून द्रवाच्या परतीचे छिद्र झाकले जाणे ही त्याची नेहमीची कारणे होत. चाक तरीही अडकलेलेच राहिले तर सांधा घट्ट करून चाकावरील ब्लीडर उघडला जातो. आता चाक मोकळे झाल्यास मधली रबरी नळी आतून सुजलेली असते. ती पायाच्या जोरावर द्रव पुढे जाऊ देते, पण स्प्रिंगांच्या क्षीण ओढीने तो मागे येऊ देत नाही. ब्लीडर उघडूनही चाक सुटले नाही तर दोष यांत्रिक असतो. त्यात जाम पिस्टन, अशक्त स्प्रिंग, गंजलेली हँडब्रेकची तार किंवा अति घट्ट जुळवलेले शू यांचा समावेश होतो. या चाचणीनंतर सांधे घट्ट करून हवा काढणे अनिवार्य असते.

### थरथर व आवाज

ब्रेक लावताना स्टीअरिंग थरथरत असेल तर दोष बहुधा पुढील चाकांत असतो, आसन थरथरत असेल तर मागील चाकांत. अंडाकार झालेला ड्रम लेथवर कापून गोल करता येतो. मात्र ड्रमच्या व्यासाची उत्पादकाने ठरवलेली कमाल मर्यादा ओलांडता येत नाही. धातूवर धातू घासल्याचा कर्कश आवाज लायनर संपून रिव्हेट किंवा शूची पट्टी उघडी पडल्याचे दर्शवतो. अशी गाडी पुढे चालवू नये.

## घाटातील ब्रेकक्षय

सुमारे १००० किलोग्रॅम वजनाची गाडी ३०० मीटर उंची केवळ ब्रेकच्या जोरावर उतरली, तर ताशी ६० किलोमीटर वेगावरून जवळजवळ एकवीस वेळा थांबण्याइतकी उष्णता ब्रेकमध्ये निर्माण होते. बंदिस्त ड्रममधून ती लवकर बाहेर पडत नाही.

यातून दोन वेगळे दोष उद्भवतात. पेडल घट्ट लागूनही गाडी थांबत नसेल तर लायनरची घर्षणक्षमता तापून घटलेली असते. पेडल एकाएकी मऊ होऊन खाली गेले तर द्रव उकळून त्यात वाफ झालेली असते. पहिला दोष ब्रेक थंड झाल्यावर कमी होतो. दुसरा दोषही गाडी थंड झाल्यावर नाहीसा झाल्यासारखा दिसतो, परंतु तो जुन्या, ओलसर द्रवाचा पुरावा असतो व द्रव बदलल्याशिवाय दूर होत नाही. दोन्ही टाळण्यासाठी घाट उतरताना खालचा गिअर वापरून वेगावर इंजिनाचा लगाम ठेवला जातो.

## ब्रेक द्रव

बोलीभाषेत 'ब्रेक ऑइल' म्हटला जाणारा हा द्रव प्रत्यक्षात खनिज तेल नसतो. सर्वसाधारण ब्रेक द्रव ग्लायकॉल वर्गातील असतो. ऑइल या नावामुळे त्यात इंजिनाचे किंवा अन्य खनिज तेल घातले गेल्यास सर्व रबरी कप व नळ्या फुगतात, आणि मग संपूर्ण यंत्रणा धुऊन रबराचे भाग बदलावे लागतात.

ग्लायकॉल द्रव हवेतील ओलावा शोषतो व त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ३ प्रतीच्या द्रवाचा किमान उत्कलनबिंदू कोरड्या स्थितीत २०५ अंश सेल्सिअस व ओलसर स्थितीत १४० अंश असतो. डॉट ४ साठी हे आकडे अनुक्रमे २३० व १५५ आहेत. डॉट ५ हा सिलिकोनयुक्त द्रव असून तो या दोहोंत मिसळता येत नाही. सामान्यतः दर दोन वर्षांनी द्रव बदलण्याची शिफारस केली जाते. हा द्रव गाडीचा रंग उडवतो, म्हणून सांडल्यास लगेच पाण्याने धुतला जातो.

## कोकणपट्टीतील विशेष परिस्थिती

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यात जुन्या गाडीच्या ब्रेकवर हवामानाचा आणि वापराच्या पद्धतीचा एकत्रित परिणाम होतो. बदलापूर पूर्वेतील कात्रपसारख्या वस्त्यांतील नोकरदारांचा मोठा वर्ग मध्य रेल्वेच्या लोकलने मुंबईकडे ये-जा करतो. अशा घरची मोटार आठवडाभर उभी राहते आणि सुटीच्या दिवशी बाहेर निघते. पावसाळ्यात उभ्या गाडीचे ड्रम व डिस्क गंजतात, हँडब्रेक लावून ठेवलेले शू ड्रमला चिकटतात आणि व्हील सिलिंडरचे पिस्टन जागीच जाम होतात. गाडी दीर्घकाळ उभी ठेवायची असल्यास हँडब्रेकऐवजी गिअर व चाकाखाली ठोकळा यांचा वापर अधिक योग्य ठरतो.

या भागातून मुरबाडमार्गे माळशेज घाट व कर्जत-खोपोलीमार्गे बोरघाट गाठता येतो. आठवडाभर उभ्या असलेल्या गाडीचा ब्रेक त्यामुळे एकदम घाटातच कसास लागू शकतो. हे टाळण्यासाठी प्रवासाच्या आदल्या दिवशी जवळच्या सपाट रस्त्यावर चाचणी घेणे उपयुक्त ठरते.

उल्हास नदीच्या पुराचा तडाखा बदलापूर परिसराला जुलै २००५ व जुलै २०१९ मध्ये बसला. साचलेल्या पाण्यातून गेलेल्या गाडीचे ड्रम ओले होऊन ब्रेक तात्पुरता क्षीण होतो. मंद गतीने जात पेडल हलके दाबून ठेवल्यास घर्षणाच्या उष्णतेने पाणी सुकते. पाण्यात बुडालेल्या गाडीस मात्र एवढे पुरत नाही. ड्रम उघडून गाळ काढणे, बेअरिंग तपासणे आणि संपूर्ण द्रव बदलणे आवश्यक असते.

## हँडब्रेक

बहुतेक जुन्या गाड्यांत हँडब्रेक तारेने मागील चाकांवर चालतो आणि हायड्रॉलिक यंत्रणेपासून स्वतंत्र असतो. मुख्य ब्रेक निकामी झाल्यास तोच शेवटचा आधार ठरतो. दांडा फार वर येत असेल तर आधी मागील शूंची जुळणी करून मगच तार ताणली जाते. नुसती तार ताणल्यास शूंची झीज झाकली जाते व ब्रेक अडकण्याची शक्यता वाढते.

## सुरक्षितता व कायदेशीर बाजू

चाक काढताना गाडी केवळ जॅकवर ठेवणे धोक्याचे असते. सपाट जागी उरलेल्या चाकांना ठोकळे लावून गाडी भक्कम स्टँडवर टेकवली जाते. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो व त्याची धूळ श्वसनमार्गास घातक असते. त्यामुळे ड्रममधील धूळ हवेच्या झोताने न उडवता ओल्या फडक्याने पुसली जाते. ब्रेकच्या कोणत्याही कामानंतर गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागते याची खात्री केली जाते.

मोटार वाहन अधिनियम १९८८ नुसार खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर वाहनाची तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण केले जाते. याच अधिनियमाच्या कलम १९० अन्वये असुरक्षित स्थितीतील वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवणे दंडनीय आहे. बदलापूर व अंबरनाथ हा भाग 'एमएच-०५' हा संकेतांक असलेल्या कल्याण परिवहन कार्यालयाच्या कक्षेत येतो. नूतनीकरणाच्या वेळची तपासणी त्या दिवसापुरती गाडीची स्थिती दाखवते. पुढील पाच वर्षांत ब्रेकची झीज ओळखण्याची जबाबदारी मालकावर व चालकावरच राहते.

## हेही पाहा

* ब्रेक
* पास्कलचा नियम
* प्रीमियर पद्मिनी
* हिंदुस्तान अँबॅसडर
* मारुती ८००